खेळापूर्वीची दहा मिनिटे

दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी बॅडमिंटन खेळणारे अनेक जण आपण पाहतो. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत हा खेळ रुजला आणि काही काळ तो ‘पूना’ या नावानेही ओळखला जात होता. आज तो अंगणात दोरी बांधूनही खेळता येतो. परंतु रॅकेट हाती घेताच जोरदार फटके मारू लागणे हितावह नाही.

असे का? विश्रांतीच्या अवस्थेत स्नायूंना रक्तपुरवठा बेताचाच होतो. हलक्या हालचालींनी हृदयाची गती हळूहळू वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त वाहते व त्यांचे तापमान वाढते. असे ऊबदार स्नायू सहज ताणले जातात. बॅडमिंटनमध्ये एकाएकी थांबावे लागते, वळावे लागते, उडी मारावी लागते. त्यामुळे घोटा मुरगळणे, खांदा दुखावणे, पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा तुटणे अशा इजा संभवतात. कंडरा तुटण्याचा प्रकार विशेषतः तिशी-चाळिशीतील हौशी खेळाडूंमध्ये आढळतो. ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात. ज्याचे पोट कष्टावर अवलंबून आहे, त्याला हे कसे परवडेल?

म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. पाच मिनिटे भरभर चालावे अथवा संथ धावावे.
२. घोटे, मनगटे व खांदे दोन्ही दिशांना गोलाकार फिरवावेत.
३. आधार धरून एकेक पाय मागे-पुढे झुलवावा; टाचा दहा-पंधरा वेळा उचलाव्यात.
४. पुढे लांब पाऊल टाकून गुडघा वाकवावा व पूर्वस्थितीत यावे.
५. शेवटी हलक्या हाताने फूल टोलवावे आणि फटक्यांचा जोर क्रमाने वाढवावा.

एकाच स्थितीत दीर्घकाळ स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम खेळानंतर करावेत. खेळापूर्वी केल्यास स्नायूंची ताकद काही वेळ मंदावते.

हे व्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे. निसरडी जमीन, झिजलेले बूट आणि अतिश्रम यांमुळेही इजा होते. वेदना जाणवताच खेळ थांबवणे हा पराभव नसून शहाणपण आहे. खेळ आनंदासाठी असतो. तो आनंद उद्याही मिळावा, यासाठी दहा मिनिटे खर्चणे योग्यच ठरते.

पाठगत प्रश्न

१. हलक्या हालचालींमुळे स्नायूंमध्ये कोणते बदल होतात?
२. व्यायाम करूनही इजा होण्याची कोणती कारणे पाठात आली आहेत?
३. तुमच्या रोजच्या कामात शरीराच्या कोणत्या भागावर अधिक ताण येतो? त्यासाठी यांपैकी कोणता व्यायाम उपयोगी पडेल, ते चार-पाच वाक्यांत लिहा.