गटकार्य आणि परस्परपूरक अध्ययनशैली

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
१. भिन्न अध्ययनशैली परस्परांना कशा पूरक ठरतात, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.
२. कामाची वाटणी आणि सहअध्ययन यांतील भेद सांगता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येकाची शिकण्याची रीत निराळी असते. कोणी वाचून शिकतो, कोणी ऐकून. कोणी हाताने करून पाहतो, तर कोणी प्रश्न विचारून विषयाच्या मुळाशी जातो. अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शिकू लागलेल्या प्रौढाला मात्र आपले वाचन मंद आहे, म्हणजे आपली बुद्धीच मंद आहे, असे वाटू लागते. ही समजूत तपासून पाहण्यासाठी आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ.

जामखेडचा अनुभव

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याचा प्रयत्न झाला. परंतु बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात रुजणे अवघड गेले. पुढे गावातीलच स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत आणि गाणी, गोष्टी, चित्रे, प्रात्यक्षिके व चर्चा यांच्या आधारे शिकत. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा प्रशिक्षणातील एखादा पाठ विचारात घेऊ. जुलाबात मुलाच्या शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. ते भरून काढण्यासाठी मीठ-साखरेचे पाणी द्यावे लागते. यामागील कारण डॉक्टर सांगू शकतात. परंतु जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडणाऱ्या आजीची समजूत कशी घालावी, हे गावातील स्त्रीच जाणते. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो. म्हणून प्रमाण हाताने मोजून पाहावे लागते आणि ते गाण्यातून पाठ ठेवता येते. शास्त्र, अनुभव, कृती आणि स्मरण यांपैकी एक जरी वगळले, तरी पाठ अपुरा राहतो.

पूरकता म्हणजे केवळ वाटणी नव्हे

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. गटात शिकलेली सेविका आपल्या गावी एकटीच परतत असे. आजारी मुलाच्या उशाशी बसल्यावर ‘प्रमाण माझ्या मैत्रिणीला ठाऊक आहे’ असे म्हणून चालत नव्हते. गटातील प्रत्येकीचे वैशिष्ट्य अखेरीस सर्वांच्या ज्ञानात उतरणे आवश्यक होते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची स्थितीही अशीच असते. अभ्यास गटात झाला, तरी उत्तरपत्रिका त्याला एकट्यालाच लिहावयाची असते.

शैली हा कोणाच्याही कपाळावरचा शिक्का नव्हे, हेही लक्षात ठेवावे. हॅरॉल्ड पाशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यासंबंधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. ज्याला त्याला त्याच्या शैलीनुसार शिकवल्यास तो अधिक चांगले शिकतो, या मताला त्यांना पुरेसा पुरावा आढळला नाही. म्हणून ‘मी ऐकून शिकणारा, वाचन माझे काम नव्हे’ असे मानणे योग्य ठरत नाही.

उपयोजन

समजा, आपल्या गटास जात्यावरील ओव्यांचे संकलन करावयाचे आहे. एकाचा कान तयार असल्याने चाल व उच्चार तो अचूक टिपेल. दुसरा लेखन करील. तिसरा अर्थाविषयी शंका काढील. चौथा विषयवार वर्गीकरण करील. पहिल्या बैठकीत अशी वाटणी सोयीची असते. दुसऱ्या बैठकीत मात्र कामे बदलावीत आणि वर्गीकरण करणाऱ्याने स्वतः ओवी ऐकून लिहावी. शेवटी प्रत्येकाने संपूर्ण विषय टिपणाशिवाय इतरांना समजावून सांगावा. जेथे तो अडखळेल, तेथे गटाचे काम अद्याप उरले आहे, असे समजावे.

सारांश

भिन्न अध्ययनशैलींमुळे एकाच विषयाच्या अनेक बाजू गटासमोर येतात. त्या सर्व बाजू प्रत्येक सदस्याच्या पदरी पडल्या, तरच गटकार्य सफल झाले असे म्हणता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जामखेडच्या उदाहरणाच्या आधारे ‘पूरकता म्हणजे केवळ वाटणी नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.
२. आपल्या अभ्यासगटात आपण नेहमी टाळता असे एक काम निवडा. पुढील बैठकीत ते स्वतः करून आलेला अनुभव दहा ओळींत लिहा.