बंद पडलेली गाडी परत येणार? गॅरेजवाले आणि स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनी काय समजावे

नंदुरबार असो, शहादा असो की नवापूर, गॅरेजच्या बाकड्यावर दुपारच्या चहाबरोबर एक विषय हमखास निघतो. अमुक कंपनीची बंद पडलेली गाडी पुन्हा बाजारात येणार आहे. कोणी पेपरात वाचलेले असते, कोणाला पुण्याच्या नातेवाइकाने सांगितलेले असते, आणि अलीकडे तर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्या गाडीचे चित्रच असते. गप्पा म्हणून यात काही वावगे नाही. पण या गप्पांच्या भरवशावर कोणी दुकानदार जुन्या पार्टचा माल भरतो किंवा कोणी उस्ताद आपल्या मुलाला "आपलीच गाडी परत येते आहे, वेगळे काही शिकायला नको" असे सांगतो, तेव्हा प्रश्न रोजीचा होतो. म्हणून या विषयाकडे जरा हिशेबाने पाहू.

ताजे उदाहरण टाटांच्या सिएराचे आहे. ही गाडी १९९१ साली आली. तेव्हा कंपनीला सगळे टेल्को म्हणत. टाटा मोटर्स हे नाव २००३ साली पडले. टाटामोबाइल या पिकअपच्या पायावर बांधलेली, तीन दारांची, दोन लिटर डिझेल इंजिनाची ही गाडी. मागच्या बाजूच्या छताकडे वळलेल्या मोठ्या काचा ही तिची ओळख. त्या काचा उघडत नसत. तेवढ्या पैशांत घरातील सगळी माणसे नीट बसतील अशी गाडी लोकांना हवी होती. त्यामुळे सिएरा थोड्याच लोकांनी घेतली आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती बंद झाली. पण ज्यांनी ती पाहिली ते तिला विसरले नाहीत.

२०२० च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात टाटांनी सिएरा या नावाने एक नमुना मांडला. तो विजेवर चालणारा होता. जानेवारी २०२३ च्या प्रदर्शनात तयारीच्या जवळ आलेला नमुना दिसला, तोही विजेवरचाच. म्हणून सगळीकडे एकच बोलणे चालले की सिएरा येणार ती बॅटरीवर. प्रत्यक्षात २५ नोव्हेंबर २०२५ रोजी गाडी आली ती आधी पेट्रोल आणि डिझेल इंजिनांत, पाच दारांची, ११ लाख ४९ हजारांपासून पुढच्या किमतीत. पहिल्या नमुन्यापासून हा दिवस उजाडेपर्यंत पावणेसहा वर्षे गेली. ज्याने २०२० साली "आता डिझेल संपले" असे मानले तो फसला. आणि "जुने इंजिन आपल्या हाताखालचे आहे" असे ज्याने मानले तोही फसला, कारण जुन्या सिएराचा एकही पार्ट नव्या गाडीच्या इंजिनाला लागत नाही. तिचे डिझेल इंजिन दीड लिटरचे आहे आणि त्यातला इंधनाचा पुरवठा संगणक सांभाळतो. जुन्या पद्धतीच्या पंप-नोझलच्या कामाला तिथे जागा नाही. मागच्या काचेचा जुना थाट मात्र कंपनीने काळ्या पट्ट्याने तेवढा राखला आहे.

आता उलटे उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या अधिक जवळचे आहे. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली निघाली आणि २००५ च्या सुमारास बंद झाली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणाऱ्यांना हे नाव वेगळे सांगायला नको. दत्तजयंतीच्या त्या यात्रेतील महोत्सवालाही चेतकचेच नाव दिले आहे. घोड्याचे नाव घेऊन आलेल्या या स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि लागलेला नंबर वरचे पैसे, म्हणजे 'ऑन', घेऊन दुसऱ्याला विकला जाई. वस्तू हातात नाही, ती कधी येणार ते ठाऊक नाही, आणि तिच्यावर पैसा फिरतो आहे. आपल्या व्यवहारशास्त्रात अशा अनिश्चित सौद्याला गरर म्हणून का टाळले आहे, हे त्या नंबरांच्या बाजाराकडे पाहिले की लवकर उमगते.

चेतक बंद पडल्यावर डिसेंबर २००९ मध्ये बजाज कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. तरी "चेतक परत येणार" ही बातमी अधूनमधून उठतच राहिली, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच जुनी स्कूटर उभी राहायची: किक मारण्याआधी एका अंगाला कलती करायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, कार्बन साचलेला सायलेन्सर जाळून साफ करायचा. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक खरोखर परत आली. १४ जानेवारी २०२० रोजी तिची किंमत जाहीर झाली, एक लाख रुपयांपासून पुढे, आणि विक्री सुरू झाली ती फक्त पुणे व बंगळूर या दोन शहरांत. ही चेतक विजेवरची होती. कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, पिस्टन नाही, क्लच प्लेट नाही, क्लचची केबल नाही. ज्या दुकानात या वस्तूंची खोकी "चेतक येते आहे" म्हणून ठेवली गेली असतील, ती तिथेच राहिली.

जावा मोटारसायकलचेही असेच झाले. म्हैसूरच्या कारखान्यातली जुनी जावा टू-स्ट्रोक होती. २०१८ साली महिंद्रांच्या पाठबळावर जी जावा आली ती फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. नाव आणि टाकीचा आकार पाहून जुना माणूस ओळखतो, पण पाना लावायला गेला की अडतो.

हे आपल्याच देशात घडते असे कोणी समजू नये. क्वालिस आणि इनोव्हामुळे आपल्या टॅक्सीवाल्यांना चांगली ठाऊक असलेली जपानची टोयोटा कंपनी पूर्वी स्पोर्ट्स गाड्याही बनवीत असे. सुप्रा, सेलिका आणि एमआर-टू ही त्यांतली गाजलेली नावे. सुप्रा २००२ साली बंद झाली. ती परत येणार म्हणून शौकिनांत वर्षानुवर्षे अंदाज चालले. २०१९ साली ती आली तेव्हा बोनेटखाली इंजिन निघाले जर्मनीच्या बीएमडब्ल्यूचे, आणि बांधणी चालली ऑस्ट्रियात, बीएमडब्ल्यूच्याच झेड-फोर या गाडीच्या जोडीने. यानंतर सेलिका आणि एमआर-टू या नावांबद्दलही तशीच चर्चा निघाली. ती खरी ठरली तरी त्या गाड्या सातपुड्याच्या रस्त्यांवर दिसण्याचा संभव फार नाही. पण यातून कंपन्यांची रीत कळते. नाव घरचे ठेवायचे, आणि आतले यंत्र जेथून परवडेल तेथून आणायचे.

असे का करतात? नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातीवर अफाट पैसा लागतो. जुने नाव आधीच बसलेले असते. ज्या मुलाने शाळेत असताना चेतक किंवा सिएरा पाहिली, तो आता कमावता झालेला असतो आणि आठवणीला किंमत मोजायला तयार असतो. यंत्र मात्र जुने ठेवता येत नाही. धुराचे नियम कडक झाले, अपघात सुरक्षेचे नियम आले, आणि जुन्या इंजिनाचे साचे कधीच मोडीत गेलेले असतात. म्हणून परत येते ते नाव आणि थोडासा चेहरा. कंपनीने यात काही फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. जुना पार्ट नव्या गाडीला बसेल असे तिने कोठेही म्हटलेले नसते. ते आपण मनाने जोडतो.

मग बातमीत तथ्य किती हे ओळखावे कसे? कंपनीने अमुक नावाची नोंदणी केली, अशी बातमी सगळ्यांत हलकी. पुष्कळदा दुसऱ्याने नाव घेऊ नये एवढ्यासाठीच नोंदणी केलेली असते. प्रदर्शनातील नमुना त्याहून थोडा वजनदार, पण नमुन्यावरून इंजिन ठरवू नये, हे सिएराने दाखवलेच. अंगावर काळे-पांढरे नक्षीचे कागद चिकटवलेली गाडी रस्त्यावर चाचणीसाठी फिरू लागली की गाडी येणार हे बहुतेक पक्के झाले असे धरावे. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे आणि वाहनांना मान्यता देण्यापूर्वीच्या तपासण्या तिच्याकडेही होतात, त्यामुळे अशा गाड्या पुण्याच्या परिसरात बऱ्याचदा दिसतात. कंपनीने स्वतः तारीख, किंमत आणि बुकिंगचा दिवस जाहीर केला की मग ती बातमी. व्यापाऱ्याच्या कामाची बातमी मात्र याच्याही पुढची आहे: पार्टची यादी हातात आली का, आणि ठोक बाजारात तो पार्ट मिळू लागला का?

त्याआधी माल भरला तर काय होते ते मांडून पाहू. समजा, एखाद्या दुकानदाराने अफवेवर ४० हजारांचे पार्ट घेतले. हेच ४० हजार त्याने ब्रेक शू, ऑइल, फिल्टर, ट्यूब अशा रोज खपणाऱ्या मालात घातले असते तर दोन महिन्यांत एक फेरा झाला असता. फेऱ्याला ८ टक्के सुटले तरी ३,२०० रुपये. वर्षाचे सहा फेरे म्हणजे १९,२००. दोन वर्षांत ३८,४००. म्हणजे माल दोन वर्षे पडून राहिला की भांडवलाएवढीच कमाई हातची गेली. वर रबरी सील कडक होतात, पॅकिंग वाळते, ते वेगळेच. उधारीवर उचलला असेल तर ठोक व्यापाऱ्याजवळची पतही जाते. पोटासाठी एकच दुकान असलेल्या माणसाला हा फटका पेलत नाही.

घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि याकडे आपल्या लोकांचे लक्ष फारसे जात नाही. नवी गाडी पहिली तीन वर्षे, कधी त्याहून अधिक, कंपनीच्या हमीत असते. हमी जाऊ नये म्हणून मालक तिला कंपनीच्या वर्कशॉपमध्येच नेतो, मग त्यासाठी धुळ्याला किंवा सुरतेला जावे लागले तरी चालते. जानेवारी २०२६ पासून ज्या सिएरा मालकांना मिळू लागल्या, त्यांचे इंजिनाचे काम स्थानिक गॅरेजात यायला २०२९ साल तरी उजाडेल. शिकायला एवढा वेळ पुरेसा आहे. गाडीतील दोष वाचणारे स्कॅनर यंत्र कसे लावायचे आणि त्यावरचा आकडा काय सांगतो, एवढे ज्या पोराला येते त्याला काम मिळते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आता विजेवरच्या वाहनांचा अभ्यासक्रमही आला आहे. आपल्याकडे तो चालू आहे की नाही, याची चौकशी मुलगा दहावीला असतानाच करून ठेवावी.

सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिरांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे गाडी पहिल्या आठवड्यातच येते. म्हणून नव्या गाडीबद्दल सर्वांआधी माहिती घ्यायची ती त्यांनी. आजकाल पुष्कळ गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते. अपघाताच्या क्षणी ती सीटची शिवण फोडून बाहेर येते. त्यावर जाड रेक्झिन चढवून पक्की दुहेरी शिलाई मारली तर एअरबॅग अडकते आणि माणसाच्या जिवावर बेतते. सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी आहे का ते पाहावे, आणि असेल तर ती बाजू मोकळी सोडावी किंवा त्यासाठीच बनवलेले कव्हर आणावे. गिऱ्हाईक हट्ट धरील, तरी ऐकू नये.

वायरमन मंडळींनी हॉर्न किंवा दिवे बसवताना कंपनीची वायर कापू नये. मालकाची हमी जाते आणि भांडण आपल्या दारात येते. विजेवरच्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या जाड केबलला तर शिकल्यावाचून हातच लावू नये. त्यातून जाणारा दाब माणूस मारण्याइतका असतो.

डेंटर आणि पेंटर यांना मात्र दिलासा आहे. विजेवरच्या चेतकचे अंग पत्र्याचेच आहे. पत्रा ठोकून सरळ करणारा हात तिलाही लागणार आहे. टायर, ब्रेक, बेअरिंग हीही कामे कोठे जात नाहीत.

आता या सगळ्या अफवांतून खरा धंदा कोठे निघतो ते सांगतो. नवी गाडी आली की जुन्या गाडीची आठवण जागी होते, आणि शहरातले शौकीन जुनी चेतक, जुनी सिएरा, जुनी जावा शोधू लागतात. अक्कलकुवा, तळोद्याकडच्या वाड्यांत, गोठ्यांत कित्येक चेतक अजून गवताखाली पडलेल्या आहेत. भंगारवाला पत्र्याच्या वजनावर पैसे देतो. चालू स्थितीत आणलेल्या, कागदपत्रे ठीक असलेल्या स्कूटरला शौकीन त्याच्या कितीतरी पट देतो. अट कागदांची आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले आहे, ते खर्चात धरूनच व्यवहार करावा. आरसी बुक नसलेली किंवा चेसिस नंबर घासलेली गाडी फुकट मिळाली तरी दारात उभी करू नये.

ज्यांच्या माळ्यावर तीस वर्षांचा न खपलेला माल पडून आहे त्यांनी तो एकदा खाली काढावा, पुसावा, आणि वहीत नाव-नंबरासह यादी करावी. ती यादी पुण्याच्या आणि सुरतेच्या जुन्या पार्टवाल्यांना पाठवावी. टू-स्ट्रोकचा शाबूत कार्ब्युरेटर, पितळी चिन्ह, स्पीडोमीटरची काच अशा वस्तूंना गिऱ्हाईक निघते. आणि कोणाच्या गोदामात जुन्या सिएराची मागच्या बाजूची ती वळणदार काच तडा न जाता उभी असेल, तर ती हलवताना दोन माणसे लावावीत.