दुकानातला संगणक आणि ‘ड्रायव्हर जुने झाले’ची भीती

नगर शहरातील कापड बाजार, मोची गल्लीपासून ते श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावपर्यंत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या गल्ल्याशेजारी आता संगणक बसला आहे. बिल त्यावर, उधारीचे खाते त्यावर, लग्नपत्रिकेची जुळणी त्यावर आणि भरतकामाच्या मशीनची नक्षीही त्यावरच. ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत हा संगणक अडला म्हणजे दुकानदाराचा जीव कासावीस होतो. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर लाल चौकट येते: ‘आपले २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत, १,४०० दोष सापडले आहेत, दुरुस्तीसाठी येथे दाबा.’ दाबले की पैसे मागितले जातात. पैसे भरूनही कित्येकदा काम सुधारत नाही, उलट चालू असलेला प्रिंटर बंद पडतो. हा प्रकार काय आहे, आणि असे सॉफ्टवेअर आधीच बसले असेल तर गाडी रुळावर कशी आणावी, हे या लेखात पाहू.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजची भाषा प्रिंटरला समजत नाही आणि प्रिंटरची विंडोजला. दोघांमध्ये बोलणे घडवून आणणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा आपले काम नीट करीत असेल, तर केवळ त्याचे वय झाले म्हणून त्याला कोणी काढून टाकत नाही. येथे मात्र सगळा धंदा वयावरच चालतो.

त्यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. आपल्या संगणकावर स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे, कोणत्याही साध्या भागावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ हा कप्पा पाहावा. पुष्कळ ठिकाणी पुरवठादार म्हणून मायक्रोसॉफ्टचे नाव आणि तारीख २१ जून २००६ अशी दिसेल. पाहणारा दचकतो. वास्तविक ही तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तशी ठेवलेली आहे. एकाच भागाला सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर मिळाले, तर विंडोज ज्याची तारीख नवी त्याला निवडते. आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरने प्रिंटर किंवा ध्वनीकार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या खास ड्रायव्हरला मागे ढकलू नये, म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ड्रायव्हरवर जुनी तारीख घातली. आतला मजकूर विंडोजबरोबर अद्ययावत होत असतो, तारीख तेवढी तीच राहते. निव्वळ तारीख पाहून ‘जुना, जुना’ अशी यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरला यातून केवढी मोठी यादी फुकटात मिळते, याचा विचार वाचकांनीच करावा.

दोषांच्या आकड्यांचेही तसेच आहे. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानमालिकेत संगणकाची मोफत ‘आरोग्य तपासणी’ होत असे. तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद चालतो का, मध्येच बंद पडतो का, अशा स्वरूपाचे. यांपैकी एकाला जरी ‘होय’ची खूण झाली, तरी निकालात विषाणूची लक्षणे सापडल्याचे दिसे. प्रत्यक्ष तपासणीचा त्या निकालाशी संबंधच नसे. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने हे प्रकरण धरले आणि २०१९ साली ऑफिस डेपो व तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. याच संस्थेने २०२४ च्या मार्चमध्ये रेस्टोरो आणि रिइमेज या सायप्रसमधील कंपन्यांवर कारवाई केली व त्यांना २ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे ही नावे फारशी परिचित नसतील, पण पडद्यावरची लाल चौकट तीच आहे.

आता कारागिरांच्या कामाची गोष्ट. कटिंग प्लॉटर, जुने भरतकामाचे मशीन, आडतीवरचा वजनकाटा अशी अनेक यंत्रे जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टची असतात आणि ‘यूएसबी ते सिरियल’ या छोट्या केबलने संगणकाला जोडली जातात. या केबलच्या पोटात एक चिप असते. प्रोलिफिक या तैवानच्या कंपनीची पीएल-२३०३ ही चिप त्यात फार खपली, आणि तिच्या नकलाही तितक्याच खपल्या. नकलांचा बंदोबस्त म्हणून कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपांचा आधार काढून घेतला. परिणाम असा की कालपर्यंत चालणारी केबल नवा ड्रायव्हर बसताच ‘कोड १०’ दाखवते, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्राच्या नावाऐवजी ‘ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते. मशीन बिघडलेले नाही, नक्षी बिघडलेली नाही. मशीनवाल्याला बोलावून त्याची फी देण्यापूर्वी हे एवढे वाक्य जरूर वाचावे.

येथे ‘नवा ड्रायव्हर टाका’ हा सल्ला म्हणजे दुखण्यावर दुखणेच. उपाय उलटा आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे, आपोआप शोधू न देता ‘माझ्या संगणकातून’ आणि मग ‘यादीतून निवडू द्या’ असे पुढे जावे, आणि संगणकात जुनी आवृत्ती असेल तर ती निवडावी. ते जमले नाही तर वेगळ्या चिपची केबल घ्यावी. आपोआप अपडेट करणारे सॉफ्टवेअर मागे राहिले, तर मात्र ते पुन्हा नवा ड्रायव्हर घालील व केबल पुन्हा बंद पडेल. चूक नेहमी भुरट्या सॉफ्टवेअरचीच असते असेही नाही. एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीचा २०१४ च्या ऑक्टोबरमधील ड्रायव्हर खुद्द विंडोज अपडेटमधून आला, आणि नकली चिपांची ओळखच पुसून टाकल्यामुळे त्या केबली निकामी झाल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेण्यात आला. म्हणून ज्या संगणकावर मशीन चालते, त्यावर कंट्रोल पॅनेलमधील ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नाही’ करून ठेवणे आम्हाला योग्य वाटते.

बिलाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे रडगाणे तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचे नसतेच. साफसफाई करताना वायर काढली आणि दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की विंडोज त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार करते. टॅली मात्र बिले जुन्या नावाकडेच पाठवत बसते. वायर पूर्वीच्या खाचेत लावावी, किंवा प्रिंटरच्या ‘पोर्ट्स’ कप्प्यात योग्य पोर्ट निवडावा. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राला ड्रायव्हरखेरीज आरडी सर्व्हिस लागते. ती त्या यंत्राच्या कंपनीकडूनच घ्यावी.

असे सॉफ्टवेअर बसून घोळ झालाच असेल, तर सर्वांत आधी टॅलीच्या डेटा फोल्डरची व चालू कामांची प्रत पेनड्राइव्हवर काढून तो पेनड्राइव्ह संगणकापासून दूर ठेवावा. उधारीची यादी गेली तर ती कोणत्याही ड्रायव्हरने परत येत नाही. मग सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशी आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत. एकासोबत दोन-तीन पाहुणे आलेले असतात. त्यानंतर बिघडलेल्या भागाच्या ‘ड्रायव्हर’ कप्प्यात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे. ते बटण फिकट असेल तर ‘सिस्टम रिस्टोअर’मधून बिघाडापूर्वीची तारीख निवडावी. संगणक नीट सुरूच होत नसेल, तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे व दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘सेफ मोड’मध्ये जाऊन हेच करावे. लाल चौकट तरीही येत राहिली, तर ती बहुधा प्रोग्रॅमची नसून ब्राउझरमध्ये कधीतरी ‘अलाउ’ दाबलेल्या एखाद्या संकेतस्थळाची असते. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अनोळखी नावे काढली की ती थांबते.

साफसफाईच्या सॉफ्टवेअरची गरज आम्हाला दिसत नाही. विंडोजची अंतर्गत नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही. नावाजलेले साधनही धोक्याबाहेर नसते. सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०१७ या काळात कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घातक कोडसह वाटली गेली आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. जागा कमी पडत असेल तर सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ पुरेसे आहे. तेथे ‘डाउनलोड्स’वर खूण नसल्याची खात्री करावी, कारण बहुतेक दुकानदारांची जीएसटीची कागदपत्रे आणि ग्राहकांनी पाठवलेल्या डिझाइन तिथेच पडलेल्या असतात.

नवा ड्रायव्हर खरोखर हवाच असेल, तर तो विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मधून किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. शोधयंत्रात प्रिंटरचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो, तो सोडून द्यावा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते बदलून विंडोज ११ घेण्यापूर्वी आपली केबल, प्रिंटर व मशीन तिच्यावर चालते का, हे विकणाऱ्याकडून लिहून घेतलेले बरे.

आणि लाल चौकटीवर दूरध्वनी क्रमांक असेल तर तो फिरवूच नये. फिरवला गेला आणि समोरच्याने ‘एनीडेस्क’सारखे सॉफ्टवेअर टाकून संगणकाचा ताबा घेतला, तर तत्काळ इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक, म्हणून संध्याकाळी दुकान बंद करून मग पाहू असे करू नये.