पेइंग गेस्ट म्हणजे नक्की कोण?

१. खोली बघायला गेलात की आधी विचारा, मालक इथेच राहतात का? भाडं किती, हा प्रश्न त्यानंतरचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबाबाहेरची अशी व्यक्ती, जिला मालक स्वतः राहतात त्याच जागेतला काही भाग वापरायला दिलेला असतो. पुण्यात कोथरूडला घरमालकीण काकूंच्या मागच्या खोलीत राहायचे, तेव्हा मी या अर्थाने पेइंग गेस्ट होते. पुढे हिंजवडीत ज्या ‘पीजी’त राहिले ती चार मजली इमारत. मालक कधी दिसले नाहीत, मॅनेजरचा मोबाइल नंबर तेवढा जिन्यात लावलेला. पाटीवर शब्द तोच, पण कायद्याच्या व्याख्येत ती जागा बसत नाही. आणि सदाशिव पेठेतलं ‘कॉट बेसिस’ तर आणखी वेगळं: एक कॉट, खाली बॅग, भिंतीतल्या कपाटाचा एक खण.

२. कागद मागायला संकोचू नका. मालक दुसरीकडे राहत असतील आणि खोली किंवा फ्लॅट तुमच्या ताब्यात येणार असेल, तर लिव्ह अँड लायसन्सचा करार करा. तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे; नोंदणीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. पेइंग गेस्टला आणि हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला मात्र याच कायद्याने ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणून अशा ठिकाणी निदान वहीच्या पानावर तरी लिहून, सही घेऊन ठेवा: डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, लाइट बिल कुणाकडे. माझ्या रूममेटचं डिपॉझिट निघताना रंगकामाच्या नावाखाली कापलं गेलं. तिच्याकडे साधी पावतीही नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या मुलीला ते पैसे फार मोठे असतात, आणि याचा मला आजही संताप येतो.

३. ‘जेवणासह’ म्हणजे काय, ते खोदून विचारा. रविवारी रात्री जेवण असतं का, गावी गेल्यावर खाडे धरतात का, फ्रिजमध्ये दूध ठेवता येतं का.

४. दाराची वेळ आणि किल्ली, दोन्ही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

५. पैसे वेळेवर द्या. ते का, हे गिरण्यांच्या काळातल्या खानावळींकडे बघितलं की कळतं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार दाटीवाटीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जात. हिशेब महिन्याचा. पगार होईपर्यंत ती बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणायची, नाहीतर सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे उचलायची. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ‘जेवणारे’ आणि ‘जेवू घालणारी’ यांच्यात पैसा कसा फिरतो, ते मला या इतिहासामुळे कळलं. काकूंना पेन्शन नव्हती. त्यांचा गॅस सिलिंडर, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं मागच्या खोलीच्या भाड्यातूनच भागायचं. म्हणून पगार झाला की मी सगळ्यात आधी त्यांच्या हातात पैसे ठेवायचे, आणि त्या लगेच डायरीत तारीख घालून माझी सही घ्यायच्या.