वाटीभर राजमा आणि जंगलातले वाघ



परिसंस्थेची व्याख्या मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण "जंगलातले वाघ मोजतात कसे?" हा प्रश्न आला की पुस्तक गप्प बसतं. जंगलात संशोधन केलेला जीवशास्त्राचा शिक्षक इथे व्याख्या सांगत नाही, राजमा मागवतो. तुम्हीही हे सहज करू शकता.

एका डब्यात राजम्याचे दाणे घ्या. मोजू नका. त्यातले ४० दाणे काढून मार्करने खूण करा. परत टाका, डबा नीट हलवा. आता न बघता ५० दाणे काढा. समजा, त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे पाचातला एक दाणा खुणेचा. खुणेचे एकूण ४०, तर डब्यात साधारण ४० × ५० ÷ १० = २०० दाणे असणार.

पुन्हा काढा. या वेळी खुणेचे ९ निघाले, तर उत्तर येतं सुमारे २२२. इथे एखादं मूल विचारतंच, "मग खरं उत्तर कोणतं?" धड्याचा गाभा हाच. लगेच उत्तर देऊ नका. दहा वेळा काढायला लावा, आकडे फळ्यावर लिहा, मगच सगळे दाणे मोजा.

आता डबा न हलवता वरचेच दाणे उचला. खुणेचे २० आले, तर उत्तर १००! गणित बरोबर, पण नमुना चुकला.

वाघांचंही तत्त्व हेच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून रंग लावावा लागत नाही. कॅमेरा ट्रॅपमधला फोटो हीच खूण. तोच वाघ पुन्हा किती वेळा दिसतो, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. प्रत्यक्षातलं गणित बरंच गुंतागुंतीचं असतं. २०२२ च्या गणनेत भारतातल्या वाघांचा आकडा ३,६८२ आला, पण त्यासोबत ३,१६७ ते ३,९२५ अशी मर्यादाही दिली होती. बातमीत बहुधा एकच आकडा उरतो.

अंदाज म्हणजे थाप नव्हे. तो कसा काढला आणि किती चुकू शकतो, हे सांगणं हाच विज्ञानाचा प्रामाणिकपणा. मुलांना हे एकदा उमगलं, की कोणताही मोठा आकडा समोर आल्यावर ती आपणहून विचारतील, "हे मोजलं कसं?"

राजमा मात्र खुणेचा वेगळा ठेवा, आमटीत जायला नको!