युशूकान पाहताना

जपानच्या विसाव्या शतकाचा अभ्यास करायचा तर तोक्योतलं युशूकान टाळून चालत नाही. यासुकुनी मंदिराच्या आवारातलं हे युद्धसंग्रहालय १८८२ साली उघडलं. तिथे हिंडताना उमगलेल्या काही गोष्टी:

१. आधी मालक कोण ते विचारा. हे सरकारी संग्रहालय नाही. ते मंदिर चालवतं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मंदिर ही खासगी धार्मिक संस्था झाली. युद्धांत मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना तिथे देव मानतात. १९७८ साली त्यांत जपानी नेत्यांवर चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्यातल्या १४ बड्या आरोपींची भर पडली. ज्यांची पूजा करायची, त्यांची झडती कोण घेणार? तेव्हा ही मांडणी साऱ्या जपानची समजू नये.

२. पाटीवर काय नाही, तेही टिपा. प्रवेशदालनात सी५६ ३१ हे काळं इंजिन उभं आहे. १९४३ मध्ये थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या उद्घाटनाला ते धावलं होतं. पाटी इंजिनाची कहाणी सांगते. जपानी फौजेसाठी तो ४१५ किलोमीटरचा मार्ग बांधताना बारा हजारांवर युद्धकैदी आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. मलायाच्या मळ्यांतले तमिळही त्यांत होते. त्यांच्यासाठी दुसरी पुस्तकं उघडावी लागतात.

३. आपला माणूस भेटला की जास्त सावध व्हा. आवारात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचं स्मारक आहे. तोक्यो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा हा बंगाली न्यायाधीश पाहून भारतीय पाहुण्याची छाती फुगते. पण चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी फौजेने केलेले अत्याचार पालांनी नाकारले नव्हते. निकालपत्र मुळातून वाचा.

४. गलबलून आलं तर येऊ द्या. लग्नाआधीच गेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी वाहिलेल्या नवरीच्या बाहुल्या तिथे काचेआड आहेत. पांढरा साज, खाली झुकलेली नजर. त्या आईचं दुःख खरं आणि मुलगा ज्या फौजेत होता तिने शेजारी देशांवर केलेलं आक्रमणही खरं. वहीत दोन्ही एकाच पानावर लिहा.

५. वही-पेन्सिल न्या. आतल्या बहुतेक दालनांत फोटोला मनाई आहे. इंग्रजी पाटी अनेकदा आटोपशीर असते, म्हणून जपानी वाचणारं कोणी सोबत असलेलं बरं.

६. शेजारच्या दारांतही डोकवा. मंदिराजवळच्या कुदानशिता स्टेशनाच्या परिसरातच शोवा-कान आहे. १९९९ साली उघडलेल्या या सरकारी संग्रहालयात सामान्य घरांनी युद्ध आणि नंतरची टंचाई कशी काढली ते दिसतं. त्याच परिसरातल्या शोकेई-कान या संग्रहालयात जखमी, अपंग होऊन परतलेल्या सैनिकांची हकिगत आहे. युशूकानमध्ये मेलेल्यांना मान आहे. हात-पाय गमावून जगलेल्यांची गाठ इथे पडते. निदान ही तिन्ही पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये.