उचल-ठेव यंत्राचा पासंग

धान्याच्या अडतीवर चाळीस वर्षे घालविलेल्या मनुष्याने यंत्रविद्येवर लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आज आपणांपैकी बहुतेकांच्या वखारीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याच्या पोटात सर्किट बोर्ड आहे, आणि असे बोर्ड जुळविण्याचा लहानसा कारखाना माझ्या पुतण्याने बेळगावच्या उद्यमबागेत काढला आहे. आपल्या व्यापारी बंधूंची अनेक मुले आता या धंद्यात उतरत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

बोर्डावर घटक बसविणारे हे यंत्र हवेच्या ओढीने नॉझलच्या टोकाशी घटक उचलते आणि नेमल्या जागी ठेविते. घटक केवढा, तर १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद. तांदळाची कणीच म्हणा. यंत्राची चाल दातेरी पट्टा व स्टेपर मोटर यांवर असते. लहान यंत्रांत या मोटरीस हुकूम सुटतो, तो पाळला गेला की नाही याची विचारपूस कोणी करीत नाही. साऱ्या घोटाळ्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

गेल्या वर्षी चारशे बोर्डांचे काम अंगावर असता घटक उचललेच जाईनात. जे उचलले जात ते वाटेत गळून पडत. मुदत आठ दिवसांची. पुतण्या म्हणाला, "काका, हवेचा पंप गेला. नवा मागवितो." मी विचारले, "यंत्र बंद करून मूळ जागेवरून पुन्हा सुरू केलेस म्हणजे काय होते?" तो म्हणाला, "मग अर्धा तास ठीक चालते." मूळ जागेस नेल्याने पंप कसा बरा होईल?

तराजूत पासंग असेल तर प्रत्येक वजनात सारखीच चूक येते. माप खोटे असेल तर मालाबरोबर चूक वाढते. काटा अडखळत असेल तर दर खेपेस निराळी येते. येथेही तसेच आहे. सर्व घटक सारखेच सरकले तर कॅमेरा व नॉझल यांमधील अंतराची नोंद चुकलेली असते. कोपऱ्यापासून दूर जावे तशी चूक वाढली तर मिलिमीटरमागे पावलांचा आकडा चुकला, किंवा बोर्ड तिरपा बसला. डावीकडून येता एक जागा व उजवीकडून येता दुसरी, तर पट्टा ढिला. घटक अर्धा फिरविल्यावर चूक उलट दिशेस गेली तर नॉझल वाकडे.

आम्ही नॉझलच्या जागी सुई बसविली, खाली आलेखाचा कागद चिकटविला आणि एका खुणेवर ठिपका पाडला. नंतर सुई सावकाश पन्नास वेळा दूर नेऊन आणली. ठिपका ठिपक्यावरच पडला. तेच वेगाने केले, तेव्हा ठिपका ०.८ मिलिमीटर बाजूस पडला, आणखी काही खेपांनी १.६.

हा आकडाच बोलका आहे. मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले. पुलीस २० दाते, दात्यांमधील अंतर २ मिलिमीटर, म्हणजे फेऱ्यामागे ४० मिलिमीटर आणि पावलामागे ०.२. ही मोटर ताल चुकली की चार पावलांच्या पटीत चुकते. चार पावले म्हणजे ०.८. पट्ट्याचा दाता सुटता तर २ मिलिमीटरची उडी पडती. पुलीचा स्क्रू ढिला असता तर चुकीस काही हिशेबच नसता. नॉझल ०.८ सरकले म्हणजे घटकाच्या अगदी टोकावर उतरते. मग हवेने धरावे काय?

मुदतीच्या धास्तीने पुतण्याने यंत्राचा उठाव, म्हणजे वेग धरण्याची त्वरा, वाढविली होती, आणि आडव्या रुळावरील ग्रीस एके ठिकाणी वाळून खडा झाले होते. रूळ पुसून नवे ग्रीस लावले, उठाव पूर्ववत केला, आणि सुईच्या दोनशे खेपा वेगाने घेतल्या. ठिपका हलला नाही. पंपाची मागणी त्याने त्याच सायंकाळी रद्द केली. बोर्ड मात्र दोन दिवस उशिरा गेले, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाने बिलातून कापलेली रक्कम निमूटपणे सोसावी लागली.